सीएसआयआर, एएनआरएफचं प्रोजेक्ट: पैसे नेमके कोणाला मिळतात नि कशासाठी?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही नागपूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात केमिस्ट्री शिकवता, पीएचडी होऊन काही वर्षं झालीत. संत्र्याच्या सालीपासून कार्बन बनवून पाण्यातलं फ्लोराइड काढायचं, असं प्रपोजल दिल्लीला पाठवलं आणि ते 'नॉट रेकमेंडेड' होऊन आलं. आता तुम्ही विचारून राहिल्या की नीरी (पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था) तर इथंच नेहरू मार्गावर आहे, तिथं कोणी ओळखीचं असतं तर काम झालं असतं का, ही राष्ट्रीय परिषद, म्हणजे सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद), पैसे देते म्हणजे नक्की कोणाला देते, का छोट्या कॉलेजवाल्यांनी हा नादच सोडून द्यावा.

नाद सोडू नका. पण ओळखीचा प्रश्न जरा बाजूला ठेवा, त्यावर खाली येतोच. तुमची अडचण मला वेगळी दिसते. परिषदेला तुमच्याकडून काय पाहिजे असतं हे आपल्याकडे कोणी सांगतच नाही. कॉलेजात नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) तयारी सुरू झाली की प्राचार्य म्हणतात प्रत्येकाने एकेक प्रोजेक्ट टाका, मग लोक जुना थेसिस काढतात, शीर्षक बदलतात, बजेटमध्ये एक मोठं मशीन टाकतात आणि पाठवून देतात. परिषद पैसे तुमच्या संस्थेकडे देते, एका ठराविक प्रश्नासाठी देते, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही तुमच्या जागेवर बसून काढू शकता एवढा विश्वास बसला तरच देते. मी बरीच वर्षं नागपुरात प्रोजेक्ट चालवलेत आणि दुसऱ्यांची प्रपोजल्स तपासायला पण येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हेच दिसलं आहे.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकतो. तुमची नोकरी कायम आहे की सीएचबी (तासिका तत्त्वावरची) किंवा कंत्राटी, रिटायरमेंटला किती वर्षं आहेत, कॉलेजला यूजीसी कायद्यातलं २(एफ) आणि १२(बी) (मान्यता नि केंद्राच्या अनुदानाची कलमं) लागू आहे का, विद्यापीठाने तुमच्या विभागाला संशोधन केंद्र म्हणून मान्यता दिली आहे का, यावर उत्तर बदलतं. सीएचबीवर असलेल्या माणसाला स्वतःच्या नावाने मोठं प्रोजेक्ट मिळणं फार कठीण आहे, तिथं टॅलेंटचा प्रश्न नसतो, प्रोजेक्ट संपेपर्यंत हा माणूस त्या जागेवर राहील याची हमी संस्था देऊ शकत नाही एवढंच. तुम्ही कायम आहात असं धरून पुढचं लिहितो.

आता नीरी आणि सीएसआयआर हा गोंधळ. नागपुरात राहून हा गोंधळ होणारच, कारण आपल्याला परिषद म्हणजे नीरीचं गेटच दिसतं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये सुरू झाली, महायुद्धाच्या धामधुमीत, शांतिस्वरूप भटनागर तिचे पहिले संचालक. पंतप्रधान तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. तिच्या ३७ प्रयोगशाळा देशभर आहेत, पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) त्यातलीच, आणि आपली नीरी पण. नीरी १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. म्हणजे नीरी ही परिषदेची एक प्रयोगशाळा आहे. तिथले शास्त्रज्ञ स्वतःच प्रोजेक्ट लिहितात, बाहेरून पैसे आणतात, तुमच्यासारखीच त्यांची पण प्रपोजल्स परत येतात. नीरीत तुमच्या प्रपोजलवर सही करून पैसे देणारं खातंच नाही. बाहेरच्या कॉलेज-विद्यापीठांचं काम परिषदेचा मनुष्यबळ विकास गट पाहतो, तो दिल्लीत पुसाला बसतो.

परिषदेचे दोन हात समजून घेतले की बरंच सोपं होतं. एक हात स्वतःच्या प्रयोगशाळा चालवतो, आणि तिच्या पैशाचा मोठा भाग तिथंच जातो, पगार, पेन्शन, इमारती, मशिनरी, आतले प्रोजेक्ट. दुसरा हात बाहेरच्यांना मदत करतो आणि त्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट प्रोजेक्ट नाही, फेलोशिप आहे. हे लोकांच्या लक्षात येत नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) म्हणतो ना आपण, ती परीक्षा आता एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते, पण लाइफ सायन्स, केमिकल, फिजिकल, मॅथेमॅटिकल आणि अर्थ सायन्स या पाच विषयांची फेलोशिप हाच परिषदेचा देशाला सगळ्यात मोठा आधार आहे असं माझं मत आहे. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला (त्यानंतरची सीनियर फेलोशिप) ४२,००० रुपये आहेत, वर घरभाडं शहराच्या वर्गानुसार, नागपूर वाय वर्गात येतं. दोन वर्षांनी तीन जणांची कमिटी बसून काम पाहते, बाहेरचा एक तज्ज्ञ त्यात असतो, मग एसआरएफ होते. एकूण पाच वर्षं.

तुम्हाला याच्याशी काय घेणंदेणं, असं वाटेल. तर असं पाहा, नेट जेआरएफ झालेला विद्यार्थी स्वतःचा पगार सोबत घेऊन येतो, वर्षाला २०,००० कंटिन्जन्सी (किरकोळ खर्चाची रक्कम) संस्थेकडे येते ती वेगळी. तुम्ही विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त गाइड असाल आणि केंद्र मान्य असेल तर तुमच्या लॅबमध्ये एक माणूस पाच वर्षं पूर्णवेळ उभा राहतो, आणि तुमच्या नावावर एक रुपयाचंही प्रोजेक्ट नाही. माझ्या माहितीतल्या कितीतरी चांगल्या लॅब्स अशाच उभ्या राहिल्या, आधी फेलो आला, त्याने डेटा काढला, त्या डेटावर प्रोजेक्ट मिळालं. आणि फक्त नेटच नाही, आपल्याकडे महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे, पुण्यात बार्टी आहे, सारथी आहे, या राज्याच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप्सवर विदर्भातली पोरं संशोधन करून राहिलीत. हे राज्याचे पैसे, परिषदेचे नाहीत, पण लॅबमध्ये काम करणाऱ्या हातांना तो फरक कळत नाही. फेलोशिपचे हप्ते उशिरा येतात हे मात्र खरं दुखणं आहे, पोरं चार-सहा महिने उधारीवर मेस चालवतात. तुमच्याकडे फेलो आला तर त्याची जॉइनिंग रिपोर्ट, हजेरी, वार्षिक प्रगती अहवाल हे कागद तुम्ही स्वतः वेळेत पाठवा. तिकडून होणारा उशीर आपल्या हातात नसतो, पण आपल्या टेबलावरचा उशीर तरी त्या पोराला भोगायला लावू नये.

आता प्रोजेक्टकडे. सीएसआयआरची बाहेरच्यांसाठी रिसर्च स्कीम आहे, कधी महिला संशोधकांसाठी वेगळा कॉल (प्रपोजल मागवणारी जाहिरात) निघतो, २०२३ मध्ये अस्पायर नावाने निघाला होता. पण मोठा दरवाजा आता एएनआरएफचा आहे, म्हणजे संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा. आधी सर्ब (सायन्स अँड इंजिनीअरिंग रिसर्च बोर्ड) होतं, २००८ च्या कायद्याने झालेलं, तिथलं स्टार्टअप रिसर्च ग्रँट आणि कोअर रिसर्च ग्रँट तुम्ही ऐकलं असेल. २०२३ च्या कायद्याने एएनआरएफ झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये ते लागू झालं आणि सर्ब त्यात विलीन झालं. नवीन लोकांसाठी आता पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आणि बाकीच्यांसाठी अॅडव्हान्स्ड रिसर्च ग्रँट अशी नावं आहेत. वय, नोकरीत लागून किती वर्षं झाली, रकमेची मर्यादा, हे सगळं त्या त्या कॉलच्या कागदात पाहा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर जाऊ नका, मागच्या वर्षीचा नियम या वर्षी असेलच असं नाही.

पेपरात ५०,००० कोटींचा आकडा तुम्ही वाचला असेल. तो २०२३ ते २०२८ अशा पाच वर्षांचा आहे आणि त्यातले १४,००० कोटी सरकारचे, बाकीचे ३६,००० कोटी उद्योग, सार्वजनिक कंपन्या, देणग्या अशा मार्गाने यायचे आहेत. तेव्हा आता पैशाचा पूर आला असं समजू नका. आपला देश सगळं मिळून संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, २०२०-२१ चा हा आकडा आहे. एवढ्या पैशात आयआयटी पण आहे, आयआयएससी पण आहे, एम्स, व्हीएनआयटी, सगळी विद्यापीठं आणि तुमचं कॉलेज पण. चांगली प्रपोजल्स सुद्धा पैशाअभावी राहून जातात हे मी कमिट्यांमध्ये पाहिलं आहे, आणि ते पाहून वाईट वाटतं.

प्रपोजल पोर्टलवर गेल्यावर काय होतं ते सांगतो. आधी छाननी, पात्रता, सह्या, संस्थेच्या प्रमुखाचं एंडॉर्समेंट, सारखंच प्रोजेक्ट दुसरीकडे टाकलं आहे का. इथंच बरीच गळतात, कारण प्राचार्यांची सही स्कॅन करायची राहिली किंवा सर्टिफिकेट जुन्या फॉरमॅटमध्ये दिलं. मग दोन-तीन बाहेरचे रिव्ह्यूअर्स वाचतात. ते तुमच्यासारखेच प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ असतात, लेक्चर घेऊन आलेले, रात्री जेवणानंतर लॅपटॉप उघडून बसलेले. मग विषयाची तज्ज्ञ समिती, काही योजनांमध्ये ऑनलाइन प्रेझेंटेशन, मग बजेटची काटछाट, मग मंजुरीचा आदेश, मग पहिला हप्ता. सहा महिने ते वर्ष धरून चाला, जास्तही लागतं. रिव्ह्यूअरला पहिल्या दोन पानांत तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: काय माहीत नाही, ते कळल्याने काय बदलेल, आणि हा माणूस ते कसं शोधणार. नाही कळल्या तर पुढची वीस पानं तो चाळतो फक्त.

तुमचंच प्रपोजल घेऊ, तुम्ही शीर्षक आणि उद्दिष्टं टाकलीत म्हणून बोलता येतं. उद्दिष्टं अशी होती: सालीपासून अॅक्टिव्हेटेड कार्बन बनवणे, एक्सआरडी, एसईएम, एफटीआयआर या उपकरणांनी कॅरेक्टरायझेशन (पदार्थाची रचना तपासणे), पीएच, डोस आणि वेळ बदलून फ्लोराइड काढण्याची टक्केवारी, लँगम्यूर-फ्रॉइंडलिच आयसोथर्म (कार्बन किती फ्लोराइड धरतो याची गणितं). आणि बजेटमध्ये एक बीईटी सरफेस एरिया अॅनालायझर (पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजणारं महाग मशीन). मी रिव्ह्यूअर असतो तर माझ्या मनात लगेच आलं असतं की हे सगळं लोकांनी केलंय. कोणी संत्र्याच्या सालीवर, कोणी केळीच्या, कोणी भुईमुगाच्या टरफलावर, कोणी कडुलिंबाच्या पानांवर. प्रत्येक पेपरात नव्वद टक्क्यांच्या वर फ्लोराइड निघतं. आणि तरी यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग असलेली पोरं आजही दिसतात. मग अडलंय कुठं?

अडलंय ते हे की पेपरातलं पाणी आणि बोअरचं पाणी एक नाही. लॅबमध्ये आपण डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम फ्लोराइड टाकतो आणि पीएच आम्लाकडे नेऊन मस्त रिझल्ट काढतो. फ्लोराइडवालं भूजल बहुधा अल्कधर्मी असतं, कॅल्शियम कमी, बायकार्बोनेट भरपूर. त्या पाण्यात बायकार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड त्याच जागांसाठी फ्लोराइडशी भांडतात, आणि नव्वद टक्क्यांचं पार पाणी होतं. दुसरं म्हणजे साध्या कार्बनला फ्लोराइडची फारशी ओढ नसते, अॅल्युमिनियम, झिर्कोनियम, लॅन्थॅनम असं काही त्यावर बसवावं लागतं, मग ते धातू पाण्यात उतरतात का हा प्रश्न येतो. तिसरं, एकदा भरलेलं मटेरियल पुन्हा वापरता येतं का, आणि किती वेळा. आणि हे सगळं कशाच्या तुलनेत? आपल्याच नीरीने विकसित केलेलं नलगोंडा तंत्र आहे, तुरटी आणि चुना टाकून फ्लोराइड काढायचं, स्वस्त आहे, पण गाळ फार होतो आणि पाण्यात अॅल्युमिनियम राहायची भीती असते. अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिना आहे, फ्लोराइड शोषून घेणारा पदार्थ. तुमच्या प्रपोजलमध्ये या दोघांचं नाव पण नव्हतं. नागपुरातून गेलेल्या फ्लोराइडच्या प्रपोजलमध्ये नलगोंडा नाही म्हटल्यावर रिव्ह्यूअरला वाटणारच की वाचन झालेलं नाही.

आता हेच उलटं करून पाहा. समजा तुम्ही लिहिलं की विदर्भातल्या अमुक तालुक्यातल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट एवढं आहे, त्या पाण्यात झिर्कोनियम बसवलेल्या सालीच्या कार्बनची क्षमता डिस्टिल्ड वॉटरच्या मानाने किती घसरते, ती नेमकी कोणत्या कारणाने घसरते, आणि कार्बनचा पृष्ठभाग कसा बदलला तर ती घसरण कमी होईल, हे आम्हाला शोधायचं आहे. सोबत एक टेबल, पाच-सहा बोअरचं पाणी तुम्ही स्वतः तपासलेलं, फ्लोराइड, पीएच, अल्कलिनिटी (बायकार्बोनेट वगैरेमुळे येणारी), कॅल्शियम, सिलिका. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक फ्लोराइडसाठी लिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणतं आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतं, तर तुमचं टार्गेट तेच, टक्केवारी नाही. झाला की प्रश्न तयार. साल तीच, फ्लोराइड तेच, पण आता यात असं काही आहे जे कोणाला माहीत नाही आणि जे तुम्ही नागपूर जिल्ह्यात बसून बंगळुरूवाल्यापेक्षा सोप्यात शोधू शकता, कारण बोअर तुमच्या विद्यार्थ्यांच्या गावातली आहे. छोट्या कॉलेजचं हे बळ आहे आणि आपण ते वापरतच नाही.

आणि यासाठी बीईटी मशीन कशाला पाहिजे सांगा? फ्लोराइड मोजायला आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड आणि बरा मीटर लागतो, टिसॅब बफर (मोजणी स्थिर ठेवणारं द्रावण) लागतो, अल्कलिनिटीला तर ब्युरेट पुरतो. सरफेस एरियाची मोजणी पैसे देऊन बाहेरून करून घेता येते. आय-स्टेम पोर्टलवर देशातल्या संस्थांची उपकरणं कुठं आहेत आणि कशी बुक करायची ते दिसतं, सैफची (बाहेरच्यांना उपकरणं वापरू देणारी) केंद्रं आहेत, नागपुरातच व्हीएनआयटी आहे, नीरी आहे, विद्यापीठाचे विभाग आहेत. कमिटीत मोठ्या मशीनची मागणी आली की पहिला प्रश्न असतो की तीन वर्षांनंतर हे चालवणार कोण, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) भरणार कोण. त्याला उत्तर नसेल तर मशीनसोबत प्रोजेक्ट पण जातं. उलट कॉलेजची मूळ लॅबच सुधारायची असेल तर त्याला वेगळ्या योजना आहेत, डीएसटीची (केंद्राचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग) फिस्ट, डीबीटीची (जैवतंत्रज्ञान विभाग) स्टार कॉलेज. ती मागणी विभागाने किंवा कॉलेजने करायची असते, प्रश्नाच्या प्रोजेक्टमध्ये ती घुसवू नका.

बजेट म्हणजे प्रपोजलचा दुसरा चेहरा आहे, तिथं माणूस ओळखू येतो. तीन वर्षांचा एक फेलो धरा, पहिली दोन वर्षं ३७,००० ने ८,८८,००० होतात, तिसरं वर्ष ४२,००० ने ५,०४,०००, म्हणजे घरभाडं सोडून १३,९२,००० नुसते माणसावर. मला हे बरोबर वाटतं, लॅबमधला सगळ्यात महत्त्वाचा खर्च तो माणूसच आहे. त्यानंतर केमिकल्स-काचसामान, बाहेरच्या मोजण्या, गावात सॅम्पल आणायला जायचा प्रवास, थोडी कंटिन्जन्सी, आणि संस्थेला ओव्हरहेड (वीज, जागा, ऑफिस यांचा वाटा). प्रत्येक आकड्यासमोर एक ओळ, हे का लागतं. 'केमिकल्स ५ लाख' असं लिहून सोडून देऊ नका.

पैसे आल्यावरचं काम कोणी सांगत नाही, ते सांगतो, कारण लोक खरे इथं थकतात. मंजुरी संस्थेच्या नावाने येते. बऱ्याच योजनांत आता रक्कम कॉलेजच्या खात्यात येऊन पडत नाही, झिरो बॅलन्स खात्यावर मर्यादा मिळते आणि खर्च कराल तसे पैसे निघतात, ३१ मार्चला राहिलेली मर्यादा लॅप्स होऊ शकते. जिथं रक्कम प्रत्यक्ष खात्यात येते तिथं तिच्यावरचं व्याज तुमचं नाही, सरकारला परत करायचं. दरवर्षी जीएफआर (सरकारी वित्तीय नियम) १२-ए नमुन्यात युटिलायझेशन सर्टिफिकेट (यूसी, पैसे कशाला वापरले त्याचा दाखला) आणि सोबत खर्चाचं विवरण, हे गेलं नाही तर पुढचा हप्ता नाही. एका हेडमधले (खर्चाच्या शीर्षातले) पैसे दुसऱ्या हेडमध्ये आपल्या मनाने वापरता येत नाहीत. घेतलेली वस्तू स्टॉक रजिस्टरवर चढवायची, आणि ती न विचारता विकता किंवा टाकून देता येत नाही. खरेदी शक्यतो जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर. २०२५ च्या जूनमध्ये अर्थ मंत्रालयाने संशोधनासाठीच्या खरेदीत सूट दिली, संस्थाप्रमुखाला जेमच्या बाहेरून उपकरणं घ्यायची मोकळीक आणि कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख, पण ती तुमच्या कॉलेजला लागू होते का ते आधी अकाउंटंटला विचारून घ्या.

म्हणून मी नेहमी म्हणतो, प्रपोजल लिहायच्या आधी कॉलेजच्या अकाउंटंटसोबत बसा. खरंच बसा. खूप प्रोजेक्ट्स विज्ञान फसल्याने अडत नाहीत, मार्चमध्ये यूसीवर सीएची सही नाही म्हणून अडतात, दुसऱ्या वर्षीचा हप्ता येत नाही, मग पोराचा पगार थांबतो, तो पोरगा सोडून कोचिंग क्लासमध्ये शिकवायला जातो आणि काम तिथंच मरतं. अकाउंटंटला सुरुवातीपासून माहीत असेल की हे कशाचं काम आहे, पाण्याचं आहे, गावातल्या पोरांच्या दातांचं-हाडांचं आहे, तर तो तुमचा माणूस होतो. माझे सगळ्यात सुरळीत चाललेले प्रोजेक्ट असेच होते.

आता ओळख. तुम्ही सरळ विचारलंत, सरळ सांगतो. ओळखीने प्रोजेक्ट मंजूर होतं असं मी पाहिलेलं नाही. रिव्ह्यूअर कोण हे तुम्हाला कळत नाही, समितीतल्या सदस्याचा अर्जदाराशी संबंध असेल तर तो त्या चर्चेत बसत नाही, निदान मी जिथं बसलो तिथं असंच चाललं. पण म्हणजे सगळं समसमान आहे असं पण नाही. मोठ्या संस्थेच्या लेटरहेडवर विश्वास आधीच बसलेला असतो, तिथं ऑफिसात प्रोजेक्ट सांभाळायला वेगळा विभाग असतो, बाजूच्या खोलीत दहा प्रोजेक्ट केलेला सीनियर असतो जो ड्राफ्ट वाचून देतो. तुमच्याकडे आठवड्याचे लेक्चर्स, प्रॅक्टिकल्स, इलेक्शन ड्युटी, पेपर तपासणी, आणि ड्राफ्ट वाचायला कोणी नाही. ही असमानता खरी आहे आणि परिषदांनी ती मनावर घेतली पाहिजे असं मला फार वाटतं. एएनआरएफने मोठ्या संस्थांना हब करून विद्यापीठांना जोडणारा पेअर कार्यक्रम काढला, चांगलंच आहे, पण तालुक्याच्या कॉलेजपर्यंत ते झिरपायला अजून वेळ लागेल.

तोपर्यंत ओळखीचा योग्य उपयोग करा. नीरीत जा, नक्की जा, पण सही मागायला नका जाऊ. तिथं पाण्यावर आयुष्य घातलेली माणसं आहेत. तुमचं दोन पानांचं टिपण आणि बोअरच्या पाण्याचं टेबल घेऊन जा आणि विचारा की यात आधी काय झालंय, मी कुठं चुकून राहिले. त्यांच्यापैकी कोणाला रस वाटला तर को-पीआय (सह-संशोधक) म्हणून घ्या, त्यांच्या लॅबमधली मोजणी तुमच्या प्रपोजलमध्ये येईल, आणि रिव्ह्यूअरला दिसेल की काम होण्यासारखं आहे. नुसतं नाव लावायला को-पीआय घेऊ नका, त्याने कोणतं काम करायचं ते लिहा, नाहीतर ते पण लगेच ओळखू येतं. नीरीत पीएचडी करणारी पोरं एसीएसआयआर या परिषदेच्या अकादमीतर्फे करतात, त्यांच्याशी पण बोला, उपकरणाची खरी अडचण त्यांनाच माहीत असते.

तुमच्या जागी मी असतो तर या वर्षी कुठलाच कॉल पकडायची घाई केली नसती. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा त्याच बोअरचे सॅम्पल घेतले असते, एमएस्सीच्या दोन विद्यार्थ्यांचं प्रोजेक्ट त्यावरच लावलं असतं, इलेक्ट्रोड कॉलेजच्या पैशातून किंवा विद्यापीठाच्या छोट्या मदतीतून घेतला असता. राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे काय चालू आहे ते पण पाहिलं असतं, स्थानिक प्रश्नाला तिथं ऐकून घेतात. या कामाचा एक छोटा पण प्रामाणिक पेपर झाला, ज्यात नव्वद टक्के नाही, खरा आकडा आहे, की मग पुढच्या वर्षी प्रपोजल. आणि ते पाठवायच्या आधी केमिस्ट्रीच्या बाहेरच्या माणसाला, समजा भूगोलवाल्या सहकाऱ्याला, पहिलं पान वाचायला द्या आणि पान बाजूला ठेवून विचारा की मी काय शोधून राहिले. त्याला सांगता आलं नाही तर पान पुन्हा लिहा.

अजून एक, 'नॉट रेकमेंडेड' सोबत रिव्ह्यूअर्सच्या कॉमेंट्स पोर्टलवर असतील तर त्या डाउनलोड करून ठेवा, मागता येत असतील तर मागा. पहिल्यांदा वाचताना राग येतो, आठ दिवसांनी परत वाचा. त्यात 'नॉव्हेल्टी नाही' असेल तर वरचं फ्लोराइडचं सगळं तुम्हाला लागू आहे. 'मेथडॉलॉजी अपुरी' असेल तर ते दुरुस्त व्हायला सोपं आहे, प्रत्येक उद्दिष्टासमोर कोणता प्रयोग, किती सॅम्पल, कोणता कंट्रोल, एवढं लिहा. आणि 'बजेट जास्त' असेल तर ते मशीन.

त्या कॉमेंट्स इथं टाकल्या, तुमचं नि कॉलेजचं नाव काढून, तर मी वाचून सांगतो यातली कोणती मनावर घ्यायची आणि कोणती सोडायची. सोबत बोअरच्या पाण्याचे आकडे असले तर तेही टाका, अल्कलिनिटी विसरू नका.